कर्ता कोण?

२०२४ सालच्या डिसेंबरातील गोष्ट. अंत्रुज महालातील एका देवस्थानच्या जत्रेस आम्ही गेलो होतो. पालखी निघण्यास तासभर अवकाश होता आणि अग्रशाळेच्या ओसरीवर सातआठ मंडळी पाय पसरून बसली होती. एका तरुणाच्या मोबाईलवर एक चित्रफीत चालू होती. मुंबईतील एका समारंभात एक नामांकित माजी क्रिकेटपटू बसले आहेत, त्यांचे बोलणे अडखळते आहे आणि बालपणापासूनच्या मित्राचा हात त्यांनी घट्ट धरून ठेवला आहे, एवढेच तिच्यात होते. ओसरीवर ती हातोहात फिरली. कोणी हसले, कोणी चुकचुकले. एक म्हणाले, "देवाने सगळे दिले होते, ह्याने उधळले." दुसरे म्हणाले, "पैसा पचला नाही." तिसऱ्यांनी दोघा मित्रांची तुलना करून नव्या पिढीने घ्यावयाचा धडाही सांगून टाकला. कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या एका वृद्ध बाईंनी मान वर न करता एवढेच म्हटले, "सोऱ्यान खालो ताका."

त्या खेळाडूचे नाव आम्ही येथे लिहीत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते आहेच, आणि ज्यांना नाही त्यांना कळण्याचे काही कारण नाही. पुढे थोड्याच दिवसांत त्यांना रुग्णालयात हलवावे लागले आणि दुखणे मेंदूपर्यंत पोचले असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. म्हणजे ओसरीवरची मंडळी ज्याला झिंग समजून हसत होती तो कदाचित आजारच असावा. त्या रात्री हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि कोणी तशी शंकाही काढली नाही. ती चित्रफीत आम्हीही दोनदा पाहिली, हे आधीच कबूल केलेले बरे.

नंतर कितीतरी दिवस मनात घोळत राहिले ते त्या बाईंचे वाक्य. पुरुषमंडळींच्या प्रत्येक वाक्यात तो मनुष्य कर्ता होता : त्याने उधळले, त्याने ऐकले नाही, त्याने ओढवून घेतले. बाईंच्या वाक्यात कर्ता सोरो आहे, मनुष्य कर्माच्या जागी गेला आहे. पाणिनीने कारकांची लक्षणे सांगताना जो स्वतंत्र तो कर्ता म्हटला आणि त्या कर्त्याला जे सर्वांत अधिक हवेसे वाटते त्याला कर्म म्हटले. मनुष्य दारू पितो असे म्हणावे तोवर ही लक्षणे चपखल बसतात. पण हवेपणा इतका वाढला की हवे असणाऱ्याचे स्वातंत्र्यच त्याने गिळले, तर कर्ता कोणाला म्हणावयाचे? आपल्या समाजातील व्यसनाविषयीचा सारा वाद याच फाट्यावर अडून बसला आहे. मनुष्य स्वतंत्र असेल तर तो अपराधी, त्याची कीव कशाला? स्वतंत्र नसेल तर तो रोगी, त्याला दोष कशाला? आम्हांला वाटते की या दोन्ही वाटांनी जाणारे लोक एक गोष्ट विसरतात. त्या ओसरीवर आणखी सातआठ माणसे बसलेली होती, आणि त्यांच्या स्वातंत्र्याविषयी कोणालाही शंका नव्हती.

व्यसन हा शब्द आज आपण फार अरुंद करून ठेवला आहे. व्यसन म्हटले की दारू, विडी, मटका एवढेच डोळ्यांपुढे येते. कौटिल्याने अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण व्यसनांच्या विचारास दिले आहे. त्यात मद्यपान, द्यूत आणि मृगया आहेत, आणि त्याच शब्दाखाली आग, पूर, रोगराई व दुष्काळ हेही आहेत. मनुष्याला त्याच्या श्रेयापासून दूर फेकते ते व्यसन, अशी त्याने शब्दाची फोड केली. कौटिल्य काही हळव्या मनाचा नव्हता. राजाच्या दुर्गुणांनी राज्य कसे बुडते याचा हिशेब तो वाण्याच्या कोरडेपणाने मांडतो. पण पुरात सापडलेला मुलूख आणि पेल्यात सापडलेला राजा यांना एका शब्दाखाली आणताना त्याला काही विपरीत वाटले नाही. संकट आणि खोड हे दोन्ही अर्थ त्या शब्दात सुखाने नांदत होते. आपण खोड ठेवली आणि संकट वगळले.

गडकऱ्यांचे 'एकच प्याला' प्रथम रंगभूमीवर आले ते फेब्रुवारी १९१९ मध्ये बडोद्यास, गंधर्व नाटक मंडळीकडून. गडकरी त्याच्या आदल्याच महिन्यात गेले होते. तेव्हापासून मराठी माणसाच्या मनात व्यसनाचे चित्र म्हणजे सुधाकराचे चित्र. अपमानाची आग विझविण्यासाठी हुशार वकील पहिला पेला ओठाला लावतो आणि पुढे घर, संसार, सिंधू, सारे त्या पेल्यात बुडते. नाटकाचे नावच असे सुचविते की सर्व दोष त्या पहिल्या पेल्याचा. आमच्या लहानपणी कीर्तनकारही तेच सांगत : पहिला घेऊ नका, म्हणजे झाले. उपदेश म्हणून हे ठीकच आहे. विचार म्हणून मात्र त्यात एक अडचण आहे. पहिला पेला उचलणारा हात स्वतंत्र असतो, पण पुढे काय वाढून ठेवले आहे हे त्याला ठाऊक नसते. पहिला पेला घेणाऱ्या शंभरांतील बहुतेक जण सुधाकर होतही नाहीत. शेवटचा पेला उचलणाऱ्याला सारे काही ठाऊक असते, सुधाकर तर रामलालला दारूच्या अवस्था एखाद्या वैद्यासारख्या समजावून सांगतो, पण तोवर हात त्याचा राहिलेला नसतो. ज्ञान आणि स्वातंत्र्य ही दोन्ही एकाच वेळी त्या हातात कधी असतात, हे दाखवून द्या म्हटले तर कठीण आहे. मधल्या कोठल्यातरी पेल्यापाशी ती भेटत असतील. तो कितवा, हे पिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

हे आम्ही पुस्तकांतून लिहीत नाही. आमच्या गावी एक पखवाजवादक होते. सत्तरीपासून काणकोणपर्यंत भजनी सप्ताहांना त्यांना बोलावणे असे. सारे त्यांना मास्तर म्हणत; येथेही तेवढेच पुरे. वादनास बसण्यापूर्वी कणीक भिजवून ती डाव्या पुडीला लावायची असते, आणि ते काम मास्तर दुसऱ्या कोणालाही करू देत नसत. उत्तर वयात ते करताना त्यांची बोटे थरथरू लागली. कणीक ताटलीतून सांडायची, पुडीवर वेडीवाकडी बसायची. मग ते उठून देवळामागच्या खोलीकडे जात, दोनचार मिनिटांनी परत येत, आणि तीच बोटे दगडासारखी स्थिर झालेली असत. पोरवयात आम्हांला त्या खोलीत काहीतरी सिद्धी असावी असे वाटे.

ती सिद्धी काय हे वैद्यकाने आता उलगडून ठेवले आहे. मद्य मेंदूची उत्तेजना दाबते. ते रोज येऊ लागले की मेंदू उलट्या बाजूने जोर लावून आपला तोल सांभाळतो. मग एके दिवशी मद्य आले नाही की नुसता तो जोर उरतो : हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते, कोणाला आकडी येते, कोणाला भास होतात, आणि वैद्याच्या मदतीवाचून एकदम सोडणे प्रसंगी जिवावरही बेतते. आरंभी जी मौज होती ती आता आपल्याच अभावावरचे औषध होऊन बसते. अमेरिकन वैद्यक संघटनेने १९५६ सालीच मद्यासक्तीला आजार म्हणून मान्यता दिली. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून असेही दिसते की या आजाराच्या प्रवृत्तीत आनुवंशिकतेचा वाटा सुमारे निम्मा असावा. म्हणजे ओसरीवर बसून एकच फेणी घेणाऱ्या दोघांपुढे एकच पेला असतो, पण त्यांच्यातील धोका एकसारखा नसतो. ज्याला व्यसन लागले नाही तो ते आपल्या संयमाचे फळ समजतो. त्यातले काही असेलही. काही आजापणजांची कृपा.

आमचे एक वकील मित्र ह्यावर हटकून विचारतात : मग काय, कोणाचाच काही दोष नाही? सोडणारे सोडतातच ना? प्रश्न रास्त आहे, आणि सोडणारे सोडतात हेही खरे आहे. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेच्या सैनिकांपैकी पाचांत सुमारे एक हेरॉइनच्या आहारी गेला होता. ते घरी परतल्यावर त्यांचे काय झाले याचा माग ली रॉबिन्स या संशोधिकेने १९७० नंतरच्या वर्षांत घेतला, तेव्हा असे आढळले की त्यांतील फार थोडे पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले. औषध तेच, शरीरे तीच. रणभूमी मागे राहिली, सोबत बदलली, घरची माणसे भोवती आली. आमच्या वकील मित्रांना ह्यात इच्छाशक्तीचा विजय दिसतो. आम्हांला असे दिसते की मनुष्याची इच्छा त्याच्या एकट्याच्या छातीत राहत नाही. ती भोवतालच्या माणसांतही थोडीथोडी वाटलेली असते, आणि माणसे बदलली की तिचे बळ बदलते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो की इच्छा नसताना, कोणी बळेच जुंपावे तसा मनुष्य पापाकडे का ओढला जातो. भगवंतांनी 'इच्छा नसताना असे काही होतच नाही' असे उत्तर दिले नाही. त्यांनी शत्रूचे नाव सांगितले, तो कोठे दबा धरून बसतो ते सांगितले, आणि झुंज कोठून सुरू करावी तेही सांगितले. दोष आणि असहायता ही दोन्ही एका मनुष्यात असू शकतात, हे तेथे गृहीतच धरलेले आहे.

आता ज्या भागाविषयी आम्हांला खरोखर बोलावयाचे आहे त्याकडे वळतो. मास्तर मागच्या खोलीत जात, तेथे बाटली कोठून येई? ते गरीब होते. सप्ताहभराची चांगली फेणी त्यांना परवडण्याजोगी नव्हती. ती आणीत यजमान. "मास्तर घेतल्याशिवाय रंगत नाहीत," हे वाक्य आम्ही शंभरदा ऐकले आहे, आणि अभिमानाने उच्चारलेले ऐकले आहे. शाल, नारळ आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली, असा तो मान असे. त्यांपैकी एक बाटली आमच्या घरून गेली होती. ती पोचविण्याचे काम आमच्याकडेच होते आणि ते आम्ही मोठ्या भक्तिभावाने केले.

घेतल्याशिवाय रंगत नाही ही समजूत मोठ्यामोठ्यांना भोवली आहे. कुंदनलाल सैगल यांची हकीकत संगीतकार नौशाद सांगत असत. 'शहाजहान' चित्रपटाच्या वेळी, म्हणजे १९४६ च्या सुमारास, मद्याचा घोट घेतल्याखेरीज आपला गळा चालत नाही अशी सैगलांची पक्की खात्री झाली होती. नौशादांनी आग्रह धरून एक गाणे त्यांच्याकडून आधी कोरड्या गळ्याने म्हणवून घेतले, मग त्यांच्या नेहमीच्या रीतीने, आणि दोन्ही त्यांना ऐकविली. न पिता म्हटलेले गाणे सरस होते, आणि सैगलांनाही ते पटले. तुमची भेट आधी झाली असती तर, अशा अर्थाचे काही ते बोलले म्हणतात. १८ जानेवारी १९४७ रोजी ते गेले. वय अवघे बेचाळीस. ह्या गोष्टीत नौशादांचे चातुर्य सर्वांना दिसते. आम्हांला प्रश्न पडतो तो निराळा : त्याआधीच्या इतक्या वर्षांत असा साधा प्रयोग कोणालाच का सुचला नाही? १९३५ च्या हिंदी 'देवदास'मध्ये सैगलांनी दारूत बुडालेला प्रेमिक उभा केला होता आणि हिंदुस्थानने त्याला डोक्यावर घेतले होते. देवदास आवडणाऱ्यांना तो सुधारलेला नको होता. पडद्यावरचा मनुष्य घरी गेल्यावर आपली भूमिका उतरवून ठेवतो की नाही ह्याची चौकशी प्रेक्षकाने कधी केलेली नाही.

मीनाकुमारींची कथा ह्याहून विदारक आहे. निद्रानाशावर उपाय म्हणून त्यांना प्रथम थोडी ब्रँडी घेण्यास सांगण्यात आले, असे त्यांच्याविषयी लिहिणारे सांगतात. म्हणजे त्यांचा पहिला पेला औषधाचा होता! १९६२ च्या 'साहिब बीबी और गुलाम'मध्ये त्यांनी पतीला घरी थोपविण्यासाठी दारू पिऊ लागणारी कुलवधू रंगविली आणि त्या भूमिकेबद्दल पारितोषिकही मिळविले. पुढे यकृत निकामी होत गेले. 'पाकीझा' ४ फेब्रुवारी १९७२ रोजी प्रदर्शित झाला, आणि आरंभी त्याचे स्वागत बेताचेच झाले. ३१ मार्चला त्या वारल्या. वय अडतीस. मृत्यूची बातमी पसरली आणि चित्रगृहांपुढे रांगा लागल्या. तोच चित्रपट, तीच नटी, त्याच फिती. मध्ये घडले ते एवढेच की जी तडफडत होती ती मेली. तिकिटाच्या त्या रांगांत दुःख नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. पण हे दुःख आठ आठवडे उशिरा आले आणि त्याला तिकिटाची खिडकी सापडली.

हा रोग केवळ आपल्याकडचा आहे असे कोणी समजू नये. लंडनची गायिका एमी वाइनहाउस हिचे २००६ चे एक गाणे जगभर गाजले. व्यसनमुक्तीच्या उपचारांना जाण्यास आपण नकार देतो, असा त्याचा थट्टेखोर आशय होता. लोक त्यावर नाचले. फेब्रुवारी २००८ मध्ये तिला पाच ग्रॅमी पारितोषिके मिळाली, आणि त्यांतील मानाची दोन त्याच गाण्याला. त्याच सुमारास ती प्रत्यक्ष उपचार घेत होती. १८ जून २०११ रोजी बेलग्रेड येथे ती रंगमंचावर आली तेव्हा तिला धड उभे राहवत नव्हते, शब्द आठवत नव्हते; समोरच्या हजारो लोकांनी हुर्यो केली आणि ती दृश्ये घरोघर पाहिली गेली. पाच आठवड्यांनी, २३ जुलैला, ती गेली. वय सत्तावीस. तपासात रक्तातील मद्याचे प्रमाण वाहन चालविण्यासाठी तेथे ठरविलेल्या मर्यादेच्या पाचपट निघाले. मरणापूर्वी काही आठवडे तिने मद्य सोडले होते असेही त्या चौकशीत पुढे आले, पण त्या कोरड्या आठवड्यांची चित्रफीत कोणी काढली नव्हती. त्यांत पाहण्याजोगे काहीच नव्हते.

मास्तरांचे पुढे काय झाले ते सांगतो. एका पालखीच्या रात्री त्यांचा ताल सुटला, आणि आरतीच्या वेळी ते मंडपातच कलंडले. दुसऱ्याच आठवड्यात समितीची सभा भरली. देवाच्या दारी हे चालणार नाही, यावर दुमत होण्याचे कारणच नव्हते, आणि आजही आम्हांला ते चुकीचे वाटत नाही. पालखीपुढे झिंगलेला मनुष्य नको हे म्हणण्यात काही अन्याय नाही. मास्तरांना सेवेतून कमी करण्याचा ठराव झाला. त्यावर आमची सही आहे. बाटल्यांविषयी मात्र त्या सभेत एकही शब्द निघाला नाही. सही करणाऱ्या नऊ जणांपैकी निदान चौघांनी त्या पोचविल्या होत्या.

महाभारतातील द्यूतसभेची आठवण आम्हांला त्या सभेत झाली असती तर बरे झाले असते. ती झाली पुष्कळ नंतर. धर्मराज द्यूताच्या आहारी गेलेला होता हे व्यासांनी मुळीच लपविलेले नाही. एकदा सर्वस्व गमावून, द्रौपदीमुळे सारे परत मिळाल्यावर, तो पुन्हा बोलावणे आले तेव्हा पुन्हा गेला. ह्याला पहिला पेला म्हणता येणार नाही, कारण आता त्याला सारे ठाऊक होते. द्रौपदीने आणि भीमाने वनात त्याला जे खडे बोल ऐकविले ते त्यांनी ऐकवावयासच हवे होते. ज्याची झळ ज्याला लागली त्याला संतापण्याचा पूर्ण अधिकार आहे. मास्तरांच्या पत्नीने आयुष्यभर जे सोसले त्यापुढे कोणी त्यांच्याविषयी दयेचे प्रवचन करू लागला तर तिने त्याला दारातून घालवून द्यावे. आणि आमच्यासारख्यांनी तिच्यापुढे व्यसन हा आजार आहे असे शास्त्र सांगू नये. परंतु ओसरीवर मोबाईल फिरविणारे आम्ही काही द्रौपदी नव्हतो. आमचे त्या खेळाडूने काय घेतले होते? आम्ही होतो सभा. त्या सभेत विदुराने आधीच विरोध केला, विकर्णाने उभे राहून प्रश्न विचारला, आणि बाकीचे थोर थोर पुरुष धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगत किंवा मान खाली घालून बसले. युधिष्ठिर त्या क्षणी किती स्वतंत्र होता ह्यावर विद्वानांनी हवा तितका वाद घालावा. भीष्म-द्रोणांच्या हातात कोणी फासे दिलेले नव्हते.

वनपर्वात आणखी एक गोष्ट आहे. आपल्याइतका दुर्दैवी राजा दुसरा कोणी झाला आहे काय, असे युधिष्ठिर विचारतो, तेव्हा बृहदश्व ऋषी त्याला उपदेश करीत नाहीत. ते त्याला नळाची कथा सांगतात. तोही राजा, त्यालाही द्यूताने नागविले, तोही स्वतःचे रूप हरवून दुसऱ्याच्या पागेत राबला आणि अखेर परत आला. बुडालेल्या माणसाला त्यांनी दुसरा बुडालेला आणि तरलेला मनुष्य दाखविला. आणि कथा संपल्यावर फाशांचे रहस्यही शिकविले.

१९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन गावी दोन मद्यासक्त गृहस्थ, एक दलाल आणि एक डॉक्टर, नेमके हेच एकमेकांसाठी करू लागले, आणि त्यांतून ती अनामिकांची संघटना उभी राहिली जी आज जगभर पसरली आहे. मद्यापुढे आपण हतबल झालो आहोत अशी कबुली ही तेथील पहिली पायरी. आम्हांला त्यांच्या नियमांतील दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते : तेथे आडनाव विचारीत नाहीत. पुण्यास १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केले. त्याच्या उभारणीस पु. ल. देशपांडे यांनी मोठा हात दिला. तेथेही बरा झालेला रुग्ण नव्याने आलेल्याला सांभाळतो. ह्या साऱ्यांत उपचाराचा एक भाग असा की काही काळ मनुष्याला जगाने पाहू नये. शेतमजुराला हे मिळू शकते. प्रसिद्ध मनुष्याला ते मिळणे महाकठीण. तो दवाखान्याच्या दारात शिरताना कॅमेरे, बाहेर पडताना कॅमेरे, आणि पुन्हा घसरला तर सर्वांत अधिक कॅमेरे. पुन्हा घसरणे हा ह्या आजाराचा जवळजवळ नित्यक्रम आहे असे डॉक्टर सांगतात. मधुमेहाच्या रुग्णाने सणाला गोड खाल्ले तर आपण त्याची चित्रफीत काढीत नाही.

मास्तरही गेले होते. त्यांच्या एका भाच्याने त्यांना पुण्याला नेले आणि काही महिन्यांनी ते परतले ते कोरडे, थोडे खांदे उतरलेले, पण हात स्थिर असलेले. दोन वर्षे त्यांनी स्पर्श केला नाही. दुसऱ्या वर्षी सप्ताहात त्यांना कोणीतरी आग्रहाने बसविले. त्यांनी ताटलीत कणीक भिजविली आणि पुडीला लावली; एक कणही सांडला नाही. आम्ही समोर होतो. वादन सुरेख झाले असे आमचे मत आहे, पण आमच्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, "पूर्वीची मजा राहिली नाही." ते त्यांनी मास्तरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटले. मध्यंतरात दोघा तरुणांनी थट्टेने एक पेला त्यांच्यापुढे आणून ठेवला. मास्तर हसले आणि त्यांनी तो बाजूला सारला. त्या रात्री त्यांनी घेतली नाही. ती पुढच्या पावसाळ्यात कधीतरी घेतली, घरी, एकट्याने, आणि मग थांबले नाहीत. चार वर्षांनी यकृताने गेले. शोकसभा देवळाच्याच मंडपात झाली. कलेचा थोर उपासक हरपला, असे आम्ही म्हणालो, आणि ते खोटे नव्हते.

तो पेला थट्टेने आणला गेला तेव्हा आम्ही दोन हातांवर होतो. आम्ही उठून तो उचलू शकलो असतो. उचलावा असे मनातही आले. पण चारचौघांत शोभा होईल, तरुण पोरे आहेत, हसतील, मास्तरांनाच ते आवडणार नाही, अशी पाचपन्नास कारणे त्या क्षणभरात जमली. आमच्या रक्तात काही नव्हते, हात कापत नव्हते, कोणी बळेच जुंपलेले नव्हते. पाणिनीच्या लक्षणाप्रमाणे त्या मंडपात पुरता कर्ता जर कोणी असेल तर ते आम्ही होतो.

गेल्या श्रावणात सप्ताहाला मास्तरांचा मुलगा पखवाजावर बसला होता. वय तिशीच्या आसपास. हात बापाचा, स्वभाव आईचा. पहाटेच्या पाळीनंतर एका यजमानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला मागच्या खोलीकडे नेऊ पाहिले. त्यांच्या दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी होते. आम्ही उठलो. यजमानांना म्हटले, "पोराला आम्ही चहाला नेतो." ते रागावले, आणि त्यांनी अजून आमच्याशी बोलणे सुरू केलेले नाही. देवळासमोरच्या हॉटेलात आम्ही दोघे बसलो. त्याने चहा घेतला, पाव घेतला, आणि कणकेने माखलेली बोटे बशीतल्या पाण्यात बुडवून धुतली. मग त्याने आम्हांला विचारले, वडिलांचे वादन तुम्ही शेवटचे ऐकले ते कधी?